तळ्यात नुसती चिलापीच लागते, कटला का घेत नाही?

ठाणेकर_नवखा
घरामागे छोटं तळं आहे. आठ-दहा फूट खोल असेल, पाणी हिरवंगार. रविवारी गळ टाकून बसतो. आमिष गांडूळ, शिसं जड, थेट तळाला सोडतो. लागते ती तळहाताएवढी चिलापी, नाहीतर गळ रिकामा वर येतो. पहाटे मात्र हातभर कटले पाण्यावर तोंडं काढून फिरताना दिसतात. ते का घेत नाहीत?

काठावरचा_म्हातारा
कटला वर आणि गळ तळाला, मग भेट व्हायची कशी? कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, वरच्या पाण्यातले बारीक जीव गाळून खातो तो. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाच्या चिखलात. आधी मासा ठरवा, मग खोली.

पहाटे तोंडं काढतात ती भुकेने नव्हे. हिरव्या पाण्यातलं शेवाळ रात्रभर प्राणवायू ओढतं, उजाडताना तो सगळ्यात कमी असतो. मासा तेव्हा श्वासाला धडपडतोय, खातो कसला! ऊन चढू द्या, आठ-नऊनंतर बसा. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी घरी भजी खाल्लेली बरी.

गांडूळ बंद. ते चिलापीलाच आवतण आहे. कणीक, सातूचं पीठ, चिमूटभर हिंग घ्या आणि मळताना थोडा कापूस पिंजून घाला. तंतूंमुळे गोळी गळाला धरून राहते, चिलापीने चार टोचे मारले तरी सुटत नाही. ही तळासाठी. जोडीला शेंगपेंड भिजवून भाताच्या कोंड्यात कालवा आणि दोन-तीन गोळे एकाच जागी सोडा, रोज जागा बदलू नका. कटल्याला उलटं: आमिष वरून दोन-तीन फुटांवर आणि गोळी सैल, पाण्यात विरत राहिली पाहिजे. दुकानातल्या वासाच्या बाटल्या मी घेत नाही. हिंगाने भागतं, घरात डबी शोधली जाते तो भाग निराळा.

आणि दोरीला तरंगता म्हणून मोराचं पीस लावा. चिलापी असेल तर ते नुसतं टकटक नाचतं. सायप्रिनस तोंड नळीसारखं पुढे काढून आमिष ओढतो, थुंकतो, पुन्हा ओढतो. तळावरचं शिसं उचललं गेलं की पीस बुडत नाही, उलट वर उठून आडवं पडतं. तिथेच हिसका द्या. बुडायची वाट पाहिलीत तर मासा गेला.

ठाणेकर_नवखा
काका, पीस आडवं पडलेलं खूपदा पाहिलंय! मला वाटायचं वाऱ्याने पडतं. अजून एक, परवा एकजण येऊन म्हणाला की तळं ठेक्याने दिलंय. पण मासे तर तळ्यातच वाढतात ना?

काठावरचा_म्हातारा
वाढतात, पण होत नाहीत. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून हॅचरीचं बीज मिळायला लागलं. म्हणजे तुमच्या तळ्यातला कटला कुणीतरी पैसे मोजून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडलेला आहे. चिलापी आणि सायप्रिनस तळ्यातच वितात, म्हणून चिलापीचा एवढा सुळसुळाट. ठेका बहुतेक मच्छीमार सोसायटीकडे असतो. जाऊन सरळ विचारा. चिलापी काढायला कुणी फारसं अडवत नाही, कटल्याला हात लावलात की भांडण.

पाणकावळा
म्हाताऱ्याशी एक सोडून सगळ्यात सहमत. हिंगापेक्षा बडीशेप भाजून कुटून घाला, रोहू सोडत नाही.

ठाणेकर_नवखा
दोन्ही करून बघतो. ठेक्याचं जमलं नाही तर पवईला जावं का?

पाणकावळा
तिथल्या अँगलिंग असोसिएशनकडे आधी चौकशी करा, परवानगीशिवाय बसू नका. आणि पाण्यात पाय सोडून तर मुळीच नाही, त्या तलावात मगरी आहेत.