क्रोम काढलं म्हणून व्हायरस जात नसतो

उपद्व्यापी
परवा इथेच 'क्रोम फेका, फायरफॉक्स घ्या, निर्धास्त राहा' असा लेख आला आणि खाली धडाधड 'वाखूसा' (वाचनखूण साठवली) पडल्या. उत्तर द्यायला बसलो तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

लेखकाचा मुद्दा काय, तर गूगल आपली माहिती गोळा करतं, सबब क्रोम असुरक्षित. अहो, पाळत आणि मालवेअर ही दोन वेगळी दुखणी आहेत. खात्यातले पैसे गूगल नेत नाही. जो नेतो तो तुमचा ब्राउझर कुठला, हे विचारत बसत नाही.

सध्या काय चाललंय बघा. एखाद्या साइटवर 'तुम्ही रोबॉट नाही हे सिद्ध करा' अशी चौकट येते. टिचकी मारली की पायऱ्या दिसतात: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. टिचकीसरशी त्या पानाने क्लिपबोर्डवर एक आज्ञा टाकून ठेवलेली असते. विंडोज-आरने उघडलेल्या रनच्या चौकटीत ती आपण आपल्याच हाताने चिकटवतो आणि चालवतो. सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकीज (ब्राउझरमधल्या छोट्या नोंदी) गेल्या. चालू लॉगिनची कुकी हाती लागली की बऱ्याच ठिकाणी ओटीपीसुद्धा विचारला जात नाही. फायरफॉक्समध्ये हे चालत नाही असं कोणी सांगितलं?

दुसरा प्रकार, स्क्रीनच्या कोपऱ्यात टणटण वाजत येणारं 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस'. सासऱ्यांच्या लॅपटॉपवर हे सुरू झालं तर दुकानदाराने फॉरमॅट मारून पैसे घेतले. घरी आल्यावर त्यांनी पुन्हा तीच राशिभविष्याची साइट उघडली, पुन्हा 'अलाऊ' दाबलं, पुन्हा टणटण. व्हायरस नव्हताच! नोटिफिकेशनची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन काढली, विषय मिटला.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी 'आरटीओ चलान' किंवा लग्नपत्रिकेची एपीके (फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल)? तिथे बहुतेक वेळा ब्राउझर उघडतच नाही. तेव्हा ब्राउझर हवा तो वापरा, अपडेट थांबवू नका आणि हात आवरा.

कोपरखळी
त्या लेखाचा लेखक मीच, नाव घ्यायला लाजलात की काय?

तुमचं अर्धंच खरं. ती खोटी पानं समोर येतात कुठून? जाहिरातींतून. एखादं सॉफ्टवेअर शोधा, वरची 'प्रायोजित' लिंक हुबेहूब नकली निघू शकते. ती लिंक दिसूच नये म्हणून 'युब्लॉक ओरिजिन' हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन. क्रोमने मॅनिफेस्ट या एक्स्टेन्शनच्या नियमावलीची दुसरी आवृत्ती बंद करून तेच हद्दपार केलं, हातावर त्याचं कमी ताकदीचं 'लाइट' रूप ठेवलं. फायरफॉक्समध्ये मूळचं आजही चालतं. जाहिरातींवर जगणारी कंपनी जाहिरात अडवणारं साधन अधू करते, यात तुम्हाला काहीच दिसत नाही?

शिवाय २०१४ आठवा. आपल्या एनआयसीच्या (केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या) यंत्रणेतून गूगलच्या नावाची खोटी सर्टिफिकेटं, म्हणजे साइट खरी असल्याचे दाखले, निघाली होती. विंडोजच्या विश्वासू यादीत ती बसत होती. फायरफॉक्सची यादी स्वतःची, त्यात ते दाखले देणाऱ्या यंत्रणेचं नाव नव्हतंच.

आयटीतला_हमाल
२०१४चं उदाहरण देताना अर्धी गोष्ट गिळलीत. ती सर्टिफिकेटं पकडली कोणी? गूगलनेच. आणि क्रोममध्ये गूगलच्या साइटींसाठी कोणत्या किल्ल्या खऱ्या मानायच्या हे आधीच बांधून ठेवलेलं असल्याने तिथेही ती चालली नसती. उदाहरण तुमचं, निकाल आमच्या बाजूने. आभार.

एक्स्टेन्शनचं कौतुकही जरा बेताने. 'द ग्रेट सस्पेंडर' आठवतंय? लाखो लोकांनी वापरलेलं. मूळ लेखकाने २०२० मध्ये विकलं आणि २०२१च्या फेब्रुवारीत गूगलला ते मालवेअर म्हणून बंद करावं लागलं. लोकांनी काहीही चुकीचं दाबलं नव्हतं. घरात घेतलेल्या भाडेकरूने परस्पर पोटभाडेकरू ठेवावा तसं.

कोपरखळी
म्हणजे काय घालावं ते निवडून घालावं. मी वेगळं काय म्हणालो?

आयटीतला_हमाल
'निर्धास्त राहा' म्हणालात. शीर्षकातच आहे.

स्मिता_डोंबिवली
एक शंका. बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ७ आहे, क्रोम अपडेट होत नाही म्हणतोय. काय करू?

निविदाग्रस्त
तुम्ही ब्राउझर निवडताय, भाग्यवान आहात. आम्हाला टेंडर भरताना पोर्टल सांगेल तो घ्यावा लागतो. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, तरी एका पोर्टलसाठी अजून मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये आयई मोड (जुन्या एक्सप्लोररसारखं चालवणं) लावून बसतो. मदतीच्या पानावर लिहिलंय, 'सुरक्षा पातळी कमी करा, पॉपअप चालू ठेवा.' हे अधिकृत बरं का! शेवटच्या दिवशी डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन ओळखत नाही तेव्हा ब्राउझर नाही, देव आठवतो.

पुणेरी_पाटी
इतके प्रतिसाद झाले आणि अँटिव्हायरसचं नाव एकानेही काढलं नाही. धन्य.

आयटीतला_हमाल
विंडोज ८ पासून डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस आतच येतो. घरगुती वापराला पुरे.

पुणेरी_पाटी
वाटलंच. मराठी माणसाची कंपनी असली की 'फुकटचं पुरे'. रहिमतपूरचे कैलास काटकर, कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात, धाकट्या भावाने अँटिव्हायरस लिहिला, २०१६ मध्ये क्विक हील शेअर बाजारात. ते दुसऱ्या कुठल्या राज्यात जन्मले असते तर चौकात फलक लागले असते. आपण मात्र वडापावच्या गाडीपलीकडे कौतुक करणार नाही.

आयटीतला_हमाल
मी कुठल्याही कंपनीचं नाव घेतलं नव्हतं. काटकरांबद्दल आदर आहे. आदर वेगळा, अँटिव्हायरसचं नूतनीकरण वेगळं.

उपद्व्यापी
पाटीसाहेब, धागा ब्राउझरचा आहे. उद्योजकतेची व्याख्यानमाला दुसरीकडे भरवा.

पुणेरी_पाटी
ब्राउझरचंच बोलतो मग. केंद्राने देशी ब्राउझरची स्पर्धा घेतली. २०२५ मध्ये जिंकली कोणी? झोहोच्या 'उला'ने. १ कोटीचं बक्षीस तमिळ कंपनीला. आपण इथे 'वाखूसा' लिहीत बसलोय.

कोपरखळी
उलाही क्रोमियमवरच, म्हणजे ज्यावर क्रोम उभा आहे त्याच गूगलच्या पायावर. एज क्रोमियम, ब्रेव्ह क्रोमियम, विवाल्डी क्रोमियम. पाटी मराठी लावा नाहीतर तमिळ, इंजिन गूगलचंच. म्हणून तर फायरफॉक्स.

आयटीतला_हमाल
आणि फायरफॉक्सवाल्यांच्या मिळकतीचा मोठा हिस्सा कुठून येतो? गूगल शोधच्या करारातून. असो.

उरणकर
सगळ्यांना एक प्रश्न. २०१७च्या जूनमध्ये 'नॉटपेट्या' या मालवेअरने आमच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पाडलं. कुठल्या ब्राउझरमधून आला? कुठल्याच नाही. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला. उपद्व्यापी सांगतात 'अपडेट थांबवू नका', हा तर अपडेटमधूनच आला!

उपद्व्यापी
आला अपडेटमधून, पसरला कशाच्या जोरावर? विंडोजमधलं भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. मे महिन्यात 'वॉनाक्राय' हा दुसरा मालवेअर त्याच भोकातून फिरला, तरी कित्येकांनी बुजवलं नाही.

आयटीतला_हमाल
बाकी धाग्यात तुमच्या बाजूने आहे, पण इथे पूर्ण बरोबर नाही. नॉटपेट्या आत आल्यावर मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि त्यावर पॅच लावलेली मशीनंही ताब्यात घ्यायचा.

उपद्व्यापी
बरं बाबा, पॅच 'पुरेसा' नव्हता, 'आवश्यक' होता. उरणकर खूश?

उरणकर
खूश वगैरे काही नाही. उत्तर अजून अर्धंच आहे.

स्मिता_डोंबिवली
माझ्या प्रश्नाचं कोणी बघेल का? वर काटकरांच्या आधी विचारला होता.

कोपरखळी
स्मिताताई, क्षमस्व. विंडोज ७ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३च्या फेब्रुवारीपासून पुढचं मिळत नाही. फायरफॉक्सने ११५ ईएसआर ही (दीर्घकाळ फक्त दुरुस्त्या मिळणारी) शाखा जुन्या विंडोजसाठी पुढे चालू ठेवली, म्हणजे इथे तरी मीच बरोबर. पण खरं सांगायचं तर विंडोज ७ लाच २०२० च्या जानेवारीपासून फुकटचे पॅच नाहीत. त्यावर बँक उघडू देऊ नका.

स्मिता_डोंबिवली
बाबा पेन्शन जमा झालं का तेवढंच बघतात, म्हणजे बँकच. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची प्रणाली टाकली तर चालेल?

आयटीतला_हमाल
चालेल. आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून प्रिंटर चालतो का बघा, बाबांना पासबुकाचा कागद लागत असणार.