इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को: दोऱ्याने मोजलं तर पावणेचौदा तास, तिकिटावर सोळा. कसं काय?

रामबागकर:
ऑक्टोबरात आम्ही दोघं लेकीकडे निघालोय. इंदूर-दिल्ली, पुढे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट. दिल्लीहून सुटणार पहाटे ४ ला, पोचणार त्याच दिवशी सकाळी ७.३० ला. आमचा एजंट म्हणतो, "साडेतीन तासच तर आहेत, काका!" हिने लगेच फराळाची यादी अर्ध्यावर आणली. मी दोन्हीकडच्या घड्याळांतले साडेबारा तास मिळवले, तर सोळा तास!

मग नातवाचा पृथ्वीगोल काढला. विषुववृत्तावर दोरा गुंडाळला तर ९४ सेंमी, म्हणजे ४०,००० किमी. दिल्लीपासून ताणला तर २९ सेंमी. उत्तर ध्रुवापासून दोन बोटांवरून गेला दोरा, अमेरिका त्या बाजूने इतकी जवळ असेल असं वाटलं नव्हतं. झाले १२,३०० किमी. ताशी ९०० धरा, पावणेचौदा तास. उरलेले सव्वादोन कुठे गेले? हिच्या गुडघ्यांमुळे एकेक तास मोजतोय.

भिया५६:
काका, सोपं आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, विमान उडेस्तोवर जमीन पुढे सरकते.

सुखलियावाली:
भिया, तसं असतं तर सराफ्यात उडी मारून माणूस राजवाड्यात उतरला असता. हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते.

काका, दोऱ्याची वाट सर्वांत जवळची, पण लवकरची असेलच असं नाही. दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात अधिकच. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने हीच फेरी अटलांटिकवरून काढून प्रशांत महासागरावरून नेली. अंतर १३,९०० चं १५,३०० किमी झालं आणि वेळ दोनेक तासांनी कमी, साडेचौदावर! भागाकार करून बघा, ताशी हजाराच्या वर. विमान तेच, वारा पाठीशी. वाट त्या-त्या दिवसाचा वारा बघून ठरते, म्हणून तुमच्या दोऱ्यावरून विमान जाईलच असं नाही.

शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. धावपट्टीची रांग, चढणं, उतरणं, सगळं त्यात.

रामबागकर:
हे पटलं. लगेच इंदूर-दिल्ली ताडून पाहिलं: हवाई अंतर ६६० किमी, हिशेबाने पाऊण तास, तिकिटावर दीड. त्या एजंटला आता दोरा दाखवायला जाणार आहे.

येताना डिसेंबर आहे. तेव्हाही सोळाच धरू?

सुखलियावाली:
नको, परत येताना पश्चिमेकडे यायचं असेल तर वारा समोरून, जास्तच लागेल. आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा फरक साडेतेरा धरा. काकूंना मधल्या वाटेलगतची सीट मागा, दर दोन तासांनी उठता येईल.

रामबागकर:
सीट मागितली. हिने वाचलं आणि शेवेचं दुसरं पाकीट काढलं.