बँकॉकमध्ये रॉयल थाई जेवण: कुठे खायचं, काय मागवायचं?

भटकी_आळशी:
एप्रिलमध्ये बँकॉकला चाललोय, मी, नवरा आणि सासूबाई. स्ट्रीट फूड, पॅड थाई वगैरे होईलच पण यावेळी ते राजवाड्यातलं जेवण म्हणतात ते एकदा तरी नीट खायचंय. नेटवर बघितलं तर डान्स शो प्लस सेट डिनर असलेली टुरिस्टी ठिकाणंच जास्त दिसतायत. खरंच वेगळं असतं का हे की नुसतं महाग ताट? आणि सासूबाई शाकाहारी आहेत, अंडंही नाही, त्यांचं काय करू?

खवय्या_ठाणेकर:
वेगळं असतं, पण वेगळेपण मेहनतीत असतं. माशाचा काटा काढलेला, फळाची बी काढलेली, भाज्या कोरलेल्या, आणि तिखट-आंबट-गोड-खारट यातलं काहीच डोक्यात जाणार नाही असं. त्यामुळे झणझणीत खायची सवय असेल तर पहिल्या घासाला 'हे काय गोडमिट्ट' वाटू शकतं, थोडा धीर धरा.
डान्स शो मी तरी टाळेन, लक्ष ताटात राहतच नाही. हॉटेलच्या पाटीवर रॉयल लिहिलंय का ते बघू नका, मेनूत पदार्थ शोधा. चोर मुआंग दिसलं तर घ्याच, फुलाच्या आकाराचे वाफवलेले डम्पलिंग, गोकर्णाच्या फुलांचा निळा रंग असतो आणि त्यात लिंबू पडलं की जांभळा होतो, पाकळ्या चिमट्याने एकेक काढतात, आपल्या मोदकाच्या कळ्या बऱ्या म्हणायची वेळ येते. आत चिकन किंवा पोर्क असतं, विचारून घ्या. मा हो म्हणजे अननसाच्या फोडीवर गोडसर परतलेला खिमा आणि शेंगदाणे. मासामान, म्हणजे गरम मसाल्यांची थाई करी, तर तुम्हाला माहीतच असेल, थायलंडचा राजा राम दुसरा याच्या काव्यात तिचं कौतुक आहे, जिऱ्याचा वास येतो असं त्यात म्हटलंय.

सुगरण_दुबईकर:
एप्रिलमध्ये जाताय ना, मग खाओ चे सोडू नका!! उन्हाळ्यातच मिळतं, साधारण मार्च ते मे. मूळ मोन लोकांचं (तिथला एक जुना समाज), तिथून राजवाड्यात गेलं. मोगऱ्याचा वास लावलेल्या बर्फाच्या पाण्यात भात, आणि बाजूला कोलंबीच्या पेस्टचे तळलेले छोटे गोळे, अंड्याच्या जाळीत गुंडाळलेली भरली मिरची, गोड परतलेला मुळा, कोरलेली कच्ची कैरी. गोड सुकं मांस बहुतेक वेळा बीफ किंवा पोर्क असतं, खात नसाल तर आधीच सांगा. खायची पद्धत अशी की आधी बाजूचा पदार्थ तोंडात, मग वर एक चमचा भात-पाणी. सगळं वाटीत ओतू नका, पाण्याला तेल सुटतं आणि मोगऱ्याचा वास गेलाच.
१३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष असतं, बरीच छोटी हॉटेलं बंद, तारखा बघून ठरवा.

खवय्या_ठाणेकर:
+१ खाओ चे. जागा म्हणाल तर ब्लू एलिफंट, सुरासाक बीटीएस (स्कायट्रेन) स्टेशनच्या अगदी जवळ, जुनी सुंदर इमारत, आतच कुकिंग स्कूल पण आहे. महाग आहे, टेबल बुक करून जा आणि चप्पल-शॉर्ट्स घालून जाऊ नका. बजेट कमी असेल तर डिन्सो रोडवरचं क्रुआ अप्सोर्न, डेमोक्रसी मॉन्युमेंटजवळ. साधी टेबलं, काही थाटमाट नाही, पण मालकीणबाई राजघराण्यासाठी स्वयंपाक करायच्या असं सांगतात. खेकड्याचं ऑम्लेट आणि पिवळ्या मिरचीतला खेकडा. दुपारीच जा.

शाकाहारी_प्रवासी:
सासूबाईंसाठी: नुसतं 'व्हेज' म्हणून चालत नाही, नाम प्ला (फिश सॉस) आणि कापी (कोलंबीची पेस्ट) सगळीकडे घुसलेली असते, करी पेस्टमध्ये सुद्धा. 'जे' (थाईत कडक शाकाहारी) म्हणा, त्यात मांस-मासे-अंडं नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. महागड्या हॉटेलांना आदल्या दिवशी कळवलं तर बरीच मंडळी वेगळं करून देतात, ऐनवेळी नाही.
आणि लुक चुप खायला घाला त्यांना. मूगडाळ, साखर, नारळाच्या दुधाचं सारण, त्याची इवलीशी आंबा-मिरची-चेरी बनवून रंगवतात आणि वरून अगर-अगरची (चायना ग्रास) चकाकी. ओर टोर कोर मार्केटमध्ये मिळतात, एमआरटीचं (मेट्रो) काम्फेंग फेट स्टेशन. शेजारी त्या सोनेरी शेवया दिसतील, फोय थोंग, त्या मात्र देऊ नका, पूर्ण अंड्याचा बलक आहे तो.

भटकी_आळशी:
बाप रे, सगळ्यांना थँक्यू! खाओ चे पक्कं. कुणीतरी म्हणालं की फेचाबुरी गावचं खाओ चे वेगळं असतं, एका दिवसात जाऊन येता येईल का?

सुगरण_दुबईकर:
येतं, सकाळी लवकर निघा. तिथे बाजूला तीनच पदार्थ, कोलंबीचे गोळे, गोड मासा आणि मुळा, बाजारात एकदम स्वस्त. वर टेकडीवर राजा राम चौथा याचा राजवाडा पण बघून होईल, फक्त माकडांपासून पर्स सांभाळा.