ब्रिटनमधला १९८४ चा खाणकामगार संप का फसला?

सातपूरकर: वडील अंबड एमआयडीसीत युनियनचं काम करायचे, म्हणून विचारतोय. १९७४ ला खाणकामगारांच्या संपात पंतप्रधान हीथचं सरकार गेलं, मग दहा वर्षांनी थॅचरबाईंपुढे तेच कामगार वर्षभर झुंजून हरले कसे?

गोदाकाठ: बाईंची तयारी आधीपासूनच होती ना, वीजकेंद्रांवर कोळशाचे ढीग लावून ठेवलेले. त्यात खाणकामगार युनियनचे अध्यक्ष स्कारगिलनी संप करायचा की नाही यावर देशभरातल्या सभासदांचं मतदान घेतलंच नाही, म्हणून नॉटिंगहॅमशायर भागातले बहुतेक कामगार खाणीत उतरतच राहिले, फूट तिथेच पडली.

पंचवटी: किनॉकला सोडू नका. विरोधातल्या लेबर पक्षाचा नेता, स्वतः खाणकामगाराचा मुलगा, मतदान हवं होतं हे पटत असून वेळेवर ठामपणे बोलला नाही. मार्च १९८५ ला लोक बँड वाजवत, युनियनचे झेंडे घेऊन कामावर परतले, तेही काहीच तडजोड न होता. वाचताना अजून पोटात तुटतं राव.