चित्रपुस्तकाचा शेवट: बेडकाने मित्र खाल्ले, हे असंच ठेवू का?

शाईदौत
४ ते ७ वयाच्या मुलांसाठी चित्रपुस्तक करते आहे. ३२ पानं, ३८० शब्द. पान वाढणार नाही, शब्द ४०० च्या वर जाणार नाहीत, हे आधीच सांगते.
गोष्ट बेडूक स्वतः सांगतो. त्याची एकेका किड्याशी मैत्री होते, दोघं खेळतात. पान उलटलं की मित्र नाही. बेडूक म्हणतो, "तो घाईत होता. गेला." आणि खरोखर रडतो. असे पाच मित्र. पाचवा नाकतोडा. शेवटी बगळा येऊन बेडकाला विचारतो, "माझ्याशी मैत्री करशील?" शेवटच्या पानावर बगळा एकटा आणि त्याच्या तोंडी बेडकाचं तेच वाक्य, "तो घाईत होता. गेला."
संपादकांना सगळे किडे पोटातून सुखरूप बाहेर आलेले हवे आहेत. काय करू? काळा विनोद मुलांसाठी असावा की नसावा, हा वाद इथे नको. या शेवटाबद्दल बोला.

बोरूबहाद्दर
मुळात काळा विनोद मुलांसाठी नसावाच. चार वर्षांच्या मुलाला बेडूक दुष्ट की भुकेला हे कोण समजावणार? त्या वयात हेतू बाजूला राहतो, नुकसान किती झालं ते दिसतं. मानसशास्त्रज्ञ पियाजेने १९३२ च्या पुस्तकात मांडलेलं उदाहरण बघा: चुकून पंधरा कप फोडणारा मुलगा लहानांना एक कप फोडणाऱ्या खोडकर मुलापेक्षा वाईट वाटतो. तुमच्या बेडकाने पाच जण संपवले. त्याचं रडणं त्यांच्या हिशेबात येणारच नाही. दोन पानं वाढवून त्याला माफी मागू द्या.

शाईदौत
पानं वाढणार नाहीत.

पानउलटी
संपादकांचं ऐकू नका. पोट फाडून सगळे बाहेर काढले की आधीची सगळी पानं खोटी ठरतात आणि मूल पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. जॉन क्लासेनच्या 'धिस इज नॉट माय हॅट'मध्ये टोपी चोरणारा मासा "मला कोणी शोधणार नाही" म्हणत राहतो, चित्रात मोठा मासा त्याच्या मागे असतो आणि शेवट पाणवनस्पतींच्या आड होतो. त्या पुस्तकाला २०१३ चं कॅल्डेकॉट पदक, म्हणजे चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मोठा सन्मान, आहे. तेव्हा "असं चालत नाही" हे कारण टिकत नाही.
खरी अडचण पानांच्या मांडणीत आहे. ३२ मधलं पहिलं पान शीर्षकाला, २-३ श्रेयनामावलीला. ४-५ पासून ३०-३१ पर्यंत १४ स्प्रेड (समोरासमोरच्या पानांच्या जोड्या) हातात राहतात, शिवाय ३२ हे सुटं पान. पाच मित्रांचे दोन-दोन धरले तर १० स्प्रेड एकाच खेळात गेले. मुलांना खेळ तिसऱ्यांदा कळतो, चौथ्यांदा ती पुढचं आधीच सांगून मोकळी होतात. तीनच मित्र ठेवा. चार स्प्रेड मोकळे होतील, पान न वाढवता.
प्रश्न नेहमी उजव्या पानावर हवा, उत्तर उलटल्यावर. मैत्री आणि रिकामी जागा समोरासमोरच्या पानांवर आली तर डोळा दोन्ही एकदम बघतो. मग भीतीही नाही आणि हसूही नाही.

वाचनकट्टा
पानउलटीशी सहमत, तीनच मित्र पुरे.
वयाबद्दल नेमकं सांगते. बोलणारा चुकीचं सांगतोय आणि चित्र खरं सांगतंय, हे धरायला दुसऱ्याच्या डोक्यात वेगळी समजूत असू शकते हे कळावं लागतं. विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ चा प्रयोग याच गोष्टीवर होता: मुलाच्या पाठीमागे वस्तू दुसऱ्या जागी ठेवली, आता तो ती कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुतेक चुकतात, चार-पाचच्या पुढे जमायला लागतं. म्हणजे तुमचा वयोगट अगदी काठावर आहे. मुखपृष्ठावर ५+ लिहा.
तपासून बघायचं तर ए-४ चे ८ कागद मधून दुमडून टाचा, ३२ पानांची डमी होते. एकेका मुलाला वाचून दाखवा. "आवडलं का?" विचारू नका, सगळी हो म्हणतात. "मित्र कुठे गेला?" एवढंच विचारा आणि दहा सेकंद गप्प राहा. मूल बोट कुठे ठेवतं ते बघा. पोटावर ठेवलं तर चित्र काम करतंय.

चिखलपाय
बेडूक खरा काढला आहे का, हे कोणी विचारलंच नाही! बेडूक चावत नाही, अख्खं गिळतो. गिळताना डोळे मिटतो, कारण डोळ्यांचे गोळे आत ओढले जातात आणि घास घशाकडे ढकलायला मदत करतात. जीभ पुढून जोडलेली असते. चावायचे दात-बीत दाखवलेत तर चूक. आणि न हलणारा किडा त्याला सहसा भक्ष्य वाटतच नाही, हालचाल दिसली की तो झेप घेतो.

बोरूबहाद्दर
इथे मुलांच्या मनाचं चाललंय, प्राणिशास्त्र कुठून आलं?

चिखलपाय
मुलं हेच विचारतात. चित्र चुकलं की गोष्टही खोटी वाटते त्यांना.

माजघर
शेवटापेक्षा मला "गेला" या शब्दाची काळजी आहे. मराठीत "गेला" म्हणजे निघून गेला आणि वारलाही. ज्या घरात नुकतंच "आजोबा गेले" म्हटलंय, तिथलं मूल हा शब्द सहा वेळा ऐकेल. मग संध्याकाळी कोणी "मी जाते गं" म्हटलं की पदर सोडणार नाही. मृत्यूसाठी "झोपला" तर अजिबात वापरू नका, झोपायला भिणारी मुलं त्यातूनच तयार होतात. "घाईत होता" एवढंच ठेवा, "गेला" काढा.

पानउलटी
उलट "गेला" हाच या पुस्तकातला सगळ्यात चांगला शब्द आहे. मूल एक अर्थ घेतं, वाचून दाखवणारा दुसरा. तो काढला तर मोठ्यांच्या आवाजातली थरथरच जाईल.

माजघर
आपण मोठ्यांसाठी लिहितोय का?

रेघोट्या
यमकात करा, यमकात भीती कमी वाटते. आणि पाच मित्र जास्त होतात, तीन करा. मूल्यांचं म्हणाल तर म्हातारी वाघाला सरळ फसवते, चिऊ भिजलेल्या काऊला दाराबाहेर ताटकळत ठेवते, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही गोष्टी टाळ्या वाजवत सांगतो. दोन स्प्रेड वाढवून बेडकाचं लहानपण दाखवलंत तर त्याची बाजूही येईल.

शाईदौत
पुन्हा सांगते, वाढवता येत नाही. यमकही नको. बेडकाचं रडणं यमकात हलकं होतं.

वाचनकट्टा
बोरूबहाद्दर यांच्या मुद्द्यात एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मूल कोणाच्या बाजूला बसलंय, हे ठरवणं चित्रकाराच्या हातात असतं. किड्यांना पापण्या, टोपी, आई दिलीत तर मूल किड्याचं होतं आणि पुढचं पान क्रूर वाटतं. किडे किडेच ठेवलेत आणि नजर बेडकाच्या उंचीवर ठेवलीत तर मूल बेडकाचं होतं. मग बगळा आला की पोटात गोळा येतो. या गोष्टीला तो गोळा हवा आहे, म्हणून बगळ्याचे पाय आधीपासून मागच्या गवतात काढा, बोरूसारखे दिसतील असे. दुसऱ्या वाचनात मुलांना ते सापडतात आणि तीच मुलं पुस्तक पुन्हा मागतात.

शाईदौत
सगळं वाचलं. ठरलं ते असं.
मित्र तीन: चतुर, भुंगा, नाकतोडा. "गेला" काढला, माजघर यांचं पटलं. प्रत्येक रडण्याच्या चित्रात बेडकाचे डोळे मिटलेले. तो रडतोय की गिळतोय हे चित्र सांगणार नाही. बगळ्याचे पाय तिसऱ्या स्प्रेडपासून गवतात.
किडे पोटातून बाहेर येणार नाहीत, माफीही नाही. आणि बगळ्याच्या तोंडचं ते शेवटचं वाक्यही काढते आहे. पान ३२ वर शब्दच नाही: पाणी, विस्कटलेलं गवत, आणि पातीवर नाकतोडा, एक पाय उचललेला, अगदी स्थिर. तो हलला नाही म्हणून बेडकाला दिसला नाही. नाकतोड्याच्या स्प्रेडवरही तो गवतात तसाच बसलेला असेल आणि बेडूक रिकाम्या जागेकडे बघत "घाईत होता" म्हणेल.

पानउलटी
वाक्य काढू नका! सगळा विनोद त्याच वाक्यात आहे.

बोरूबहाद्दर
म्हणजे बेडूक मेला तो मेलाच? माझा विरोध कायम आहे.

चिखलपाय
बगळाही सहसा हालचाल दिसली की झडप घालतो, हे चित्र बरोबर जमेल. फक्त नाकतोड्याचे मागचे पाय लांब काढा, गुडघे पाठीच्या वर.