मदत हवी आहे: 1932 च्या निकालानंतर राइशरातमध्ये (जर्मन राज्यांच्या प्रतिनिधींचं सभागृह) प्रशियाची मतं कोण देत होतं?

20 जुलै 1932 ला जर्मनीचे चान्सलर पापेन यांनी घटनेतल्या कलम 48 च्या (आणीबाणीचे अधिकार) आधारे प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्यातलं ओटो ब्राऊन यांचं सरकार हटवून स्वतःकडे कारभार घेतला. 25 ऑक्टोबरला लाइपझिगच्या न्यायालयाने विचित्र निकाल दिला: प्रशासन केंद्राच्या आयुक्ताकडे, पण राइशरातमध्ये प्रतिनिधित्व ब्राऊन यांच्याच सरकारचं. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. घटनेतली कलमं 48 आणि 63 (राइशरातमधल्या प्रतिनिधित्वाबद्दलचं) वाचली आहेत. प्रशियाची निम्मी मतं प्रांतांकडे होती हेही माहीत आहे, त्यामुळे उरलेल्या निम्म्यांबद्दलच विचारतोय. निकालाचा सारांशही वाचला, पण पुढे काय झालं ते त्यात नाही. जर्मन येत नाही, इंग्रजी किंवा मराठी साहित्य चालेल. ब्राऊन सरकारचे उरलेले अधिकारही काढून घेणाऱ्या 6 फेब्रुवारी 1933 च्या हुकमापर्यंत त्यांचे प्रतिनिधी प्रत्यक्ष मतदान करत होते का, की तो हक्क कागदावरच राहिला?