ग्राहकाने नंबर दिला नाही, तर कॅशियरचं नाव लाल यादीत का?

काउंटर नंबर ३
पुण्यातल्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात चार वर्षं बिलिंगला आहे. परवा एक आजी नातीसाठी फ्रॉक घेऊन आल्या. पैसे रुमालात मोजून आणलेले. मोबाइल नंबर विचारला, तर म्हणाल्या, "तो लेकाला माहीत गं, मला पाठ नाही." आमच्या स्क्रीनवर दहा आकडे भरल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. मागे ही रांग. शेवटी सुपरवायझरला हाक मारून त्याच्या कोडवर बिल काढलं. रात्री ग्रुपवर यादी आली, त्यात माझं नाव लाल. ९५ टक्क्यांपेक्षा कमी बिलांवर नंबर भरले म्हणून. स्वतःचा नंबर टाकायचीही सोय नाही. तसं करून ग्राहकांच्या खरेदीचे पॉइंट लाटले म्हणून एकीला दिवाळीच्या तोंडावर घरी बसवलं.

बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय. मग ग्राहकांच्या नकाराचा हिशेब माझ्या डोक्यावर का?

शटर उघडणारा
ताई, मी स्टोअर मॅनेजर आहे. मॉलचं भाडं, वीज, पगार हे सगळं शनिवार-रविवारच्या धंद्यावर निघत नाही. नंबर असला की मधल्या वारी ऑफरचा मेसेज जातो, गिऱ्हाईक येतं. पावती हरवली तरी माल बदलून देता येतो. टार्गेट काढलं की अर्धी मुलं विचारतच नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तुम्हाला पीएफ आहे, ईएसआयचा आरोग्य विमा आहे. माझा भाऊ बाजारपेठेत कापड दुकानात वीस वर्षं उभा आहे, त्याला यातलं काहीच नाही.

ठाण्याची गिऱ्हाईक
मला दोघांचंही पटत नाही. नंबर द्या, कार्ड काढा, पिशवी विकत घ्या, मोजे घेतले तर सूट. चारदा नाही म्हणावं लागतं. मग आवाज चढतो. समोर तुम्हीच असता, बोलणार कोणाला?

वॉरंटीवाला
मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये. एका काकांनी हप्त्यावर फ्रिज घेतला. कॉम्प्रेसरला कंपनीचीच दहा वर्षांची वॉरंटी होती, ते सांगितलं. त्यांनी जादा वॉरंटीचा प्लॅन घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर मला उभं केलं. खरं सांगितलं, एवढीच चूक.

काउंटर नंबर ३
ठाण्याच्या ताई, चौथ्यांदा विचारताना आम्हालाही लाज वाटते हो.
मॅनेजर साहेब, पीएफ कायद्याने मिळतो, कोणाच्या मेहरबानीने नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात सलग काही तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांतीही लिहिली आहे. सेलच्या शनिवारी ती मला मिळत नाही. तुमच्या भावाला तर अजिबात मिळत नसेल. त्यांनाही मिळावी, असं मी म्हणेन.
माझी मागणी लहान आहे. स्क्रीनवर 'ग्राहकाने नंबर दिला नाही' असं एक बटण द्या, आणि ते दाबलं तर टक्के कापू नका.

शटर उघडणारा
पहिल्या आठवड्यातच सगळे तेच दाबतील.

काउंटर नंबर ३
दाबू द्या. किती लोकांना नंबर द्यायचा नाही, ते तरी ऑफिसला कळेल. आज ते आकडे आम्ही खोटे भरतो.

शटर उघडणारा
खोटे भरतात, हे मलाही माहीत आहे. एका काउंटरवर महिनाभर करून बघू का, असं एरिया मॅनेजरना विचारतो. यादी मात्र माझ्या हातात नाही, ती वरून येते. माझंही नाव तिच्यात असतं.